आंधळ्या मोराचा डोळा

मी पुठ्ठा बोलतोय. हसू नका. वहीच्या कव्हराचा नव्हे, आणि मिठाईच्या खोक्याचा तर नव्हेच. बेळगावातल्या वडगावात जोतिराम आप्पांचा साड्यांचा माग आहे, त्या मागावरचा भोकं पाडलेला नक्षीचा पुठ्ठा मी. नंबर एक. नंबर मिरवायला सांगतोय असं तुम्हाला वाटेल. थोडं तसंही आहे. पण गेल्या दसऱ्याला एका सरळ माणसाचं नाव चोर म्हणून गावभर झालं, ते पुसायला शेवटी हा नंबर एकच कामाला आला.

माझं काम आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र असतं. त्यावर माझ्यासारख्या पुठ्ठ्यांची, दोरीनं एकमेकांना बांधलेली, गोल माळ फिरते. पुठ्ठ्याला जिथं भोक तिथं धागा वर उचलला जातो, जिथं भोक नाही तिथं तो खाली राहतो. एका पुठ्ठ्याची नक्षीत एक ओळ. आम्ही दोनशे चाळीस जण ओळीनं फिरलो की साडीच्या काठावर एक मोर पुरा होतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हा मोर आप्पांचा स्वतःचा. अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी तो चौकटीच्या कागदावर खोडून खोडून काढला आणि आम्हाला एकेक भोक हातानं पाडलं. माळ गोल असल्यानं सुरुवात कुठूनही केली तरी चालते. आप्पांनी डोळ्यापासून केली. "आधी डोळा. त्यो बघाय लागला की बाकीचा मोर आपसूक येतोय," असं ते म्हणायचे. तो डोळा म्हणजे मी. आप्पांनी दर दहाव्या पुठ्ठ्यावर आकडा घातलाय. माझ्या अंगावर आकडा नाही, कोपऱ्यावर दरवर्षी लागलेल्या कुंकवाचा डाग आहे.

माग चालवायचा मष्णू. आमच्या वर्षभर आधी तो तिथं आला होता. उंच, हडकुळा, बोलायला महाग. रोज सकाळी काठावर पहिला मोर उतरला की तो खाली वाकून बघायचा आणि एवढंच म्हणायचा, "बघतोय बघा, आप्पा." आप्पा पुढच्या सोप्यातून "बघू दे, बघू दे," म्हणायचे आणि दिवस सुरू व्हायचा. अकरा वर्षं असंच चाललं होतं आणि असंच चालेल अशी माझी पक्की समजूत होती.

आप्पांच्या घरी खंडेनवमीला एक रीत आहे. माग बंद ठेवायचा, हत्यारांना हळदकुंकू वाहायचं, हे गल्लीत सगळेच करतात. आप्पा त्याच्या पुढं जातात. माळेतला पहिला पुठ्ठा सोडून देव्हाऱ्यात ठेवतात. मोर वर्षभर टक लावून असतो, एक दिवस त्याला डोळा मिटू दे, असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याला पुठ्ठा परत ओवायचा. मष्णू सोडला तर घराबाहेर कुणाला ही रीत ठाऊक नाही, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

गेल्या नवमीला सकाळी मष्णूनंच माझ्या दोऱ्या सोडल्या आणि मला आप्पांच्या बायकोच्या, बायाक्कांच्या हातात दिलं. त्यांनी कुंकू लावून मला देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे उभं केलं. दुपारी सगळे पुढच्या सोप्यात होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, खायला बसले. मागाची खोली मागच्या बाजूला, तिचं दार परसात उघडतं. माग बंद म्हणून घर इतकं शांत होतं की भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. कडी निघाली. कुणीतरी स्टुलावर चढलं. मग दोन शिंका आल्या, तोंड दाबून दिलेल्या. तिसरी शिंक येता येता अडकली, नुसतं "आं... आं..." झालं आणि ती विरून गेली. मग माझ्या दोनशे एकोणचाळीस भावंडांची घडी पडल्याचा आवाज आला. पट पट पट पट.

मी ओरडलो. पण पुठ्ठा ओरडला तर कुणाला ऐकू जाणार? सोप्यात बायाक्का कुणाला तरी आणखी तूप वाढत होत्या.

संध्याकाळी माळ गेल्याचं कळलं. आप्पा मागापुढं मटकन बसले. ती माळ म्हणजे त्यांचा एकच मोर. कागदावरचं मूळ चित्र वाळवीनं केव्हाच खाल्लं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात चौकट होती. 'विश्वासू कामगारानेच लांबवली नक्षी!' खाली मष्णूचं नाव, गल्लीसकट. बातमीवर वार्ताहराचंही नाव होतं, तेजस्वी. आप्पांनी ती देव्हाऱ्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचली. पहिल्यांदा त्यांचा आवाज कापत होता. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा तो कापत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मष्णू कामावर आला. आप्पांनी त्याच्यापुढं पेपर धरला. तो वाचून त्यानं घडी घातली आणि आप्पांच्या हातात परत दिली.

"आप्पा, तुमचं काय म्हणनं हाय?"

"माजं काय म्हणनं आसनार? छापून आलंय की."

"मग ऱ्हाऊ दे," मष्णू म्हणाला. "बारा वर्सांनी जर सांगाय लागत आसंल मी चोर न्हाय म्हणून, तर सांगून तरी काय उपेग?" तो वळला आणि गेला. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. एक वाक्य, मष्णू! देव्हाऱ्याकडं बोट दाखव नुसतं! पण मानी माणसाचं बोट अशा वेळी उचलत नाही.

त्या बातमीचा फोटो गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. तीन आठवडे झाले तरी दुसऱ्या कुठल्या मागावर त्याला कुणी उभं करेना. त्याची मुलगी भाग्यलक्ष्मी दहावीत, ती शाळेला जायची थांबली. विणकरांनी रविवारी मारुतीच्या देवळात बैठक ठरवली. मष्णूला वडगावात कुणीही काम देऊ नये, असा ठराव करायचा होता. मी देव्हाऱ्यातच. आप्पा देवाकडं बघेनात आणि बायाक्का मला हलवायला धजेनात.

बैठकीच्या तीन दिवस आधी दारात स्कूटी थांबली. येळ्ळूरची पोरगी, चोविसेक वर्षांची, खांद्याला पिशवी, केसात धूळ. "मी तेजस्वी," ती म्हणाली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. बायाक्कांनी आधी पाणी दिलं. पाणी दिल्यावर आपल्याकडं माणूस खरं बोलतो.

"आक्का, काल मष्णू ऑफिसात आलता. भांडला न्हाय. पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणला, बाई, तुमी मला कधी बघितलासा का?" तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "आणि मी खरंच बघितलं न्हवतं हो. माणूस बघितला न्हाय आणि नाव छापलं."

आप्पा आतून बाहेर आले. "आता कशाला रडतीस पोरी? खरं तेच छापलंस न्हवं?"

"तुम्हीच म्हणाला असं मला कळलं, आप्पा. तुमचा मष्णूवर संशय हाय म्हणून."

"मी? मी कुनाजवळ बोललोच न्हाय. मला तर तुजा पेपर वाचून कळलं!"

आप्पांनी पेपरावर विश्वास ठेवला होता आणि पेपरानं आप्पांवर, आणि मधल्या मधे एक माणूस चोर झाला होता. बायाक्कांनी कपाळाला हात लावला. मला भोकं आहेत म्हणून माझ्यातनं उजेड आरपार जातो, पण या दोघांचं डोकं आरपार कसं काय झालं ते मला कळेना.

"मग माजं नाव तुला सांगितलं कुनी?" आप्पांनी विचारलं.

तेवढ्यात उंबऱ्याशी चपला वाजल्या. आत आले नागोजी, सूत पुरवणारे एजंट, एरवी रोज चहाला येणारे, पण दसऱ्यानंतर आज पहिल्यांदाच आलेले. नवमीच्या होळग्यांनाही होते, मधेच हात धुवायला म्हणून परसात गेले होते ते. तेजस्वीला बघून क्षणभर थबकले, मग तोंडभर हसले. खिशातून निपाणीच्या तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली. एक शिंक. दुसरी शिंक. आणि मग "आं... आं...", तिसरी आलीच नाही.

वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात या शिंका माझ्यापर्यंत कधी पोचल्याच नव्हत्या; आज पोचल्या आणि माझ्या भोकाभोकातनं वारं गेलं. हाच! अहो, हाच तो! पण मी देवामागे उभा, तोंड नसलेला, आणि खाली बायाक्का त्याच्यासाठी कपात साखर घालत होत्या.

"नागोजीकाकांनीच सांगितलं," तेजस्वी म्हणाली, अगदी सरळपणानं. "तुमचं मन मोडलंय म्हणून तुम्ही बोलत न्हाईसा, असं म्हणाले ते."

"मग? खोटं हाय व्हय?" नागोजी न डगमगता म्हणाले. "आप्पाचं तोंड बघून मला कळतंय. मागाला हात दुसऱ्या कुनाचा लागतोय?" आप्पांनी मान खाली घातली. घरच्या माणसासारखा वावरणारा, त्याच्यावर संशय घ्यायचा कसा? तेजस्वीनंही घेतला नाही. उलट "काका, मी शोध लावणारच, तुम्ही मदत करा," असं म्हणाली. मला घाम फुटता तर मी तिथंच लिबलिबीत झालो असतो.

नागोजी गेल्यावर तिनं बायाक्कांना आपल्या शोधाची हकीकत सांगितली. आदल्याच दिवशी खडेबाजारात तिला एक माणूस दिसला होता, स्कूटरला पुठ्ठ्यांचं लांबलचक गाठोडं बांधून निघालेला. ही त्याच्या मागे थेट मच्छे गावापर्यंत. तिथं "थांबा, प्रेस!" अशी आरोळी ठोकली. तो बिचारा दचकून गाठोड्यासकट आडवा. पुठ्ठे निघाले मिठाईच्या खोक्यांचे, घडी न उलगडलेले, चारशे. रस्ताभर पसरलेली खोकी तिनंच गोळा केली, आणि त्या भल्या माणसानं वर तिला पाव किलो कुंदा दिला. बायाक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसलो नाही. मिठाईचं खोकं आणि मी यातला फरक जिला कळत नाही, तिच्या हाती मष्णूचा न्याय होता.

"मी खरा नक्षीचा पुठ्ठा कधी बघितलाच न्हाय, आक्का. एखादा हाय का शिल्लक?"

बायाक्का देव्हाऱ्याकडं बघून थांबल्या. मग त्यांनी हात घालून मला बाहेर काढलं. "ह्यो एकच उरलाय. नवमीला देवाजवळ ठेवतो न्हवं, म्हणून ऱ्हायला. मोराचा डोळा हाय ह्यो. जपून ने." त्यांनी मला जुन्या खणात गुंडाळलं आणि तेजस्वीच्या पिशवीत ठेवलं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसखालच्या चहाच्या गाड्यावर नागोजी येऊन उभे. योगायोगानं म्हणे. "मग पोरी, कुठवर आला शोध?"

"कुठंच न्हाय काका. पर एक वस्तू मिळालीया." आणि तिनं पिशवीत हात घातला. तिची बोटं खणाला लागली. मी अंग चोरलं. आता हा मला बघणार, ओळखणार, 'बघू' म्हणून हातात घेणार, आणि बाजूच्या चुलीत जाळ चांगला धगधगत होता. खणाची गाठ अर्धी सुटली आणि तिचा मोबाइल वाजला. संपादक मारुतीराव. "आज महापालिकेची बातमी आली न्हाय तर उद्या यायचं कारण न्हाय!" एवढं मोठ्यानं की चहावाल्यालाही ऐकू गेलं. तिनं हात बाहेर काढला.

नागोजी चहाचा शेवटचा घोट घेत म्हणाले, "हितंच शोध, वडगाव-शहापुरातच. निपाणीला जाऊ नकोस बरं का. उगाच हेलपाटा. तिथं काय न्हाय."

ते गेले. तेजस्वी स्कूटीजवळ गेली, किल्ली लावली आणि तशीच उभी राहिली. किल्ली फिरवली नाही. मी तिच्या पाठीवर होतो, मला तिचा श्वास कळत होता.

"मी निपाणीचं नाव कुठं काढलं?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग स्कूटी तिथंच लावून ती बसस्टँडकडं पळत सुटली. महापालिका राहिली महापालिकेच्या जागी.

निपाणीत बाजाराचा दिवस होता. चार दुकानं फिरून पाचव्यात ती शिरली, आणि तिनं एकही साडी उलगडण्याआधीच मला माझ्या भावंडांचं काम ओळखू आलं. काठावर मोर होता, आप्पांचाच. पिसारा तोच, मानेची वेलांटी तीच. दुकान मंगल नावाच्या बाईचं. ती वैतागून साड्यांच्या घड्या घालत होती.

"ह्या घेऊ नका बाई. काल तीन परत आल्या. लगनाच्या साडीवर आंधळा मोर चालतोय व्हय? नवरीची आज्जी दुकानात यून भांडली माज्यासंगं."

"आंधळा?"

"बघा की. डोळाच न्हाय एकाला बी."

तेजस्वीनं साडी उजेडात धरली. काठभर मोर, एकामागं एक, सगळे रुबाबात चाललेले आणि एकाचाही डोळा नाही. डोक्याचा गोळा नुसता भरून निघालेला. तिनं मला खणातून काढलं आणि त्या डोक्यावर आडवं धरलं. माझी भोकं आणि जरीचे धागे, दोन्हीकडं ती आळीपाळीनं बघत राहिली. मधे जिथं मला भोकं नाहीत, तिथं डोळा यायला हवा होता. चोरानं माळ नेली, पण त्या दिवशी मोरानं डोळा मिटलेला होता आणि तो डोळा देवाजवळ होता. हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आणि ज्यानं स्वतःच्या हातानं मला सोडून दिलं, त्या मष्णूला ते ठाऊक होतं. तो चोरी करता तर माझ्यासकट करता! हे मी तिला ओरडून सांगत होतो आणि तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत होतं. तिनं बायाक्कांना फोन लावला.

"आक्का, नवमीला हा पुठ्ठा कुणी सोडला?"

"मष्णूनंच की. माज्या हातात दिला. पर पोरी, तू हैस कुठं? नागोजी देवळात जाऊन म्हनला, रविवारची वाट कशाला बघायची. बैठक आजच बसनार हाय, चार वाजता!"

दोन वाजले होते. "ह्या साड्या कोण देतं तुम्हाला?" तेजस्वीनं घाईघाईनं विचारलं. मंगल म्हणाली, "बेळगावचा सुताचा एजंट हाय एक. तपकीर वढतोय आणि दोनदा शिंकतोय. तिसरी कवाच येत न्हाय. नागोजी म्हणत्यात." तेजस्वीनं तिचं बोलणं मोबाइलवर घेतलं, एक साडी पिशवीत कोंबली आणि बस धरली.

संकेश्वरच्या अलीकडं बसचं चाक बसलं. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडं असा बघत राहिला, जणू ते आपणहून उठेल. तेजस्वी रस्त्यावर उभी राहिली, हात करत. गाड्या थांबेनात. तीन वाजत आले. मला दोरीवरची सगळी वर्षं आठवली, मष्णूचं ते वाकून बघणंही, आणि आपण काही करू शकत नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. शेवटी एक टेम्पो थांबला. पुढं जागा नव्हती. मागं लाल मिरचीची पोती.

"मिरची हाय बाई. सोसंल का?"

"सोसंल!" म्हणून ती चढली.

काकती येईपर्यंत तिचे डोळे सुजले, नाक लाल झालं. वडगावात उतरली तेव्हा ती थांबायचं नाव न घेता शिंकत होती. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

देवळाच्या सभामंडपात चाळीसेक माणसं बसलेली. मष्णू दाराशी, चपलांच्या शेजारी. नागोजी मधे उभे राहून बोलत होते, "...म्हणून ज्येनं मिठाला जागायचं सोडलं, त्येला..." इतक्यात तेजस्वी आत आली. सगळे वळले. तिनं बोलायला तोंड उघडलं.

"मष्णू न्हाय... आक्छी! चोर... आक्छी! चोर..." पुढचं येईना. पोटात एवढं सगळं, आणि तोंडातनं शिंकेशिवाय काही नाही. कुणीतरी हसलं. नागोजी म्हणाले, "पोरीला बरं न्हाय, घरला सोडा कुनीतरी." दोघं उठलेही. मष्णू खाली बघत होता. झालं, मला वाटलं, इथंच संपलं.

तेव्हा तिनं बोलायचं सोडलं. धावत जाऊन आप्पांसमोर साडी पसरली आणि खणातून मला काढून त्यावर ठेवलं.

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बोललो, ते तिला बोलता येत नव्हतं म्हणून. आप्पांनी चष्मा पुसला. काठावरून अंगठा फिरवला, एका मोरावरून दुसऱ्यावर. मग मला उचलून कोपऱ्यावरचं कुंकू बघितलं.

"माजा मोर हाय ह्यो," ते म्हणाले. "पर डोळा न्हाय. डोळा हितं हाय."

"मग मष्णू माळ इकताना त्यो इसरला आसंल," नागोजी म्हणाले.

"मष्णू इसरंल?" आप्पा उभे राहिले. "ह्यो पुठ्ठा त्येनंच सोडलता, नागोजी. त्येनंच! नवमीला डोळा देव्हाऱ्यात आसतोय, हे मला, बायाक्काला आणि मष्णूला म्हाईत. ज्येनं माळ नेली त्येला म्हाईत न्हवतं." त्यांनी मला छातीशी धरलं. "आणि मी... मी देवापुढं हुबा ऱ्हाऊन पेपर वाचला. ह्यो समोर होता की रं! समोर!"

तेजस्वीनं मोबाइल वर धरला. मंगलचा आवाज सगळ्या मंडपात ऐकू आला, तपकिरीपासून नावापर्यंत. नागोजींचा हात सवयीनं खिशात गेला. चिमूट ओढली गेली. एक शिंक. दुसरी शिंक. सगळं देऊळ नागोजींच्या नाकाकडं बघत होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिसरी आली, अशी दणकून की डबी हातातून उडाली आणि तपकीर पहिल्या ओळीवर सांडली. मग शिंकत शिंकतच चाळीस माणसं नागोजींच्या गोदामाकडं गेली. तिथं गुपचूप चालवलेल्या मागाशेजारी, सुताच्या पोत्यांखाली माझी भावंडं सापडली, दोनशे एकोणचाळीसच्या दोनशे एकोणचाळीस.

इथं गोष्ट संपती तर मी आनंदानं गप्प बसलो असतो. पण तेजस्वी मला पिशवीत घेऊन ऑफिसला गेली आणि मारुतीरावांसमोर उभी राहिली.

"पाचव्या पानावर चार ओळींचा खुलासा दे," ते म्हणाले. "तेवढी रीत हाय."

"चोर म्हणून पहिल्या पानावर छापलं, सर. चोर न्हाय म्हणून पाचव्या का?"

"पेपरानं आपली चूक पहिल्या पानावर छापायची?"

"पेपराची न्हाय. माझी. माझं नाव घाला खाली. त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात." तिचे डोळे अजून मिरचीनं लाल होते, आणि निदान मारुतीरावांना तरी ते मिरचीनंच लाल आहेत असं वाटलं असावं. त्यांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "छापतो. आणि पुढचे तीन महिने तू निधनवार्ता बघायच्या. तिथं तरी माणूस कोण ते आधी विचारून घेशील."

बातमी त्याच कोपऱ्यात आली. 'मष्णू चोर नव्हता. मी त्याला न भेटता लिहिलं.' खाली तिचं नाव. भाग्यलक्ष्मीनं ते पान कापून दप्तरात घातलं आणि शाळेला गेली, असं बायाक्का सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मष्णू आला. आप्पांनी दार स्वतः उघडलं. काहीतरी बोलायचं म्हणून ओठ हलले, पण मष्णूनं हातानंच राहू द्या म्हटलं. त्यानं मला माळेत बसवलं, दोऱ्या ओढून गाठी मारल्या. त्याच्या हाताची ओळख मला पहिल्या गाठीलाच पटली. माग सुरू झाला. आम्ही दोनशे चाळीस जण फिरलो, आणि काठावर मोर उतरला, डोळ्यासकट. मष्णू खाली वाकला. आप्पा सोप्यात नव्हते, त्याच्या मागेच उभे होते, ते वाक्य ऐकायला.

मष्णूनं बघितलं आणि काही न बोलता माग बंद केला. हात पुसले.

"उद्यापास्नं येतोस न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"मच्छेला कारखान्यात लागलोय, आप्पा. परवापास्नं पाळी हाय." तो चपला घालायला वाकला. आप्पा दाराची चौकट धरून उभे. मग मष्णू थांबला आणि म्हणाला, "नवमीला येतो. पुठ्ठा सोडायला."

आता दुसरा माणूस माग चालवतो. चांगला आहे, पण वाकून बघत नाही. माझ्या भोकांच्या कडा झिजल्यात, अंगावर नवं कुंकू चढलंय. तुम्हाला कधी कुणाचं नाव सांगावंसं वाटलं, छापावंसं वाटलं, नुसतं मोबाइलवरून पुढं पाठवावंसं वाटलं, तर आधी त्या माणसाला एकदा समोर बसून बघा. मी अकरा वर्षं बघण्याचंच काम केलंय, एवढं सांगायचा मला हक्क आहे.

सकाळी मोर उतरतो तेव्हा आप्पा अजूनही सोप्यातून "बघू दे, बघू दे," म्हणतात. आधीचं वाक्य कुणी म्हटलेलं नसतं. नवमीला अजून चार महिने आहेत.